बेहालातला सागवानी उंबरा

आईला कलकत्त्यात येऊन सव्वीस वर्षं झाली होती, तरी तिचं बंगाली भाजीवाल्याच्या टोपलीपुढे सरकलं नव्हतं. ‘कोतो’, म्हणजे किती, आणि ‘ना’ एवढ्या दोन शब्दांवर तिनं निम्मा संसार रेटला. उरलेला निम्मा माझ्या तोंडून चालायचा. धोबी, दूधवाला, पोस्टमन, खालची घरमालकीण, सगळ्यांशी आई मराठीत बोलायची आणि मी ते बंगालीत करून सांगायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून ही नोकरी माझ्या गळ्यात पडली होती. दादा माझ्याहून मोठा, पण अशा वेळी तो बरोबर घरातून गायब व्हायचा.

या नोकरीत मी लवकरच एक सोय शोधून काढली. दोन्हीकडचं बोलणं थोडं थोडं छाटायचं. आई घरमालकिणीला म्हणायची, “हिला विचार, हिनं जिन्यात पाणी सांडायचं आणि आम्ही घसरून पडायचं, असं कुठे लिहून दिलंय का आम्ही?” मी सांगायची की आई म्हणतेय, जिना ओला आहे. मग घरमालकीण दहा मिनिटं तावातावानं बोलायची आणि मी आईला सांगायची, पुसून घेते म्हणाली. आई संशयानं बघायची. ती एवढं बोलली आणि तू तीनच शब्द सांगतेस, असं विचारायची. बंगाली भाषाच लांबट आहे गं, असं मी ठोकून द्यायची. तिला ते पटत नसे, पण पडताळून बघायला तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं.

मला याचा अभिमान होता. माझ्यामुळे भांडणं टळतात, असं मी मैत्रिणींना सांगायची. खरं म्हणजे मला कंटाळा यायचा, आणि त्याहून खरं म्हणजे मला आईची लाज वाटायची. तिचं ते मोठ्यानं मराठी बोलणं, समोरच्याला कळत नाही म्हणून आणखी मोठ्यानं बोलणं, हातवारे करणं. मी तिच्या शेजारी उभी राहून समोरच्या बंगाली माणसाकडे बघून किंचित हसायची. मी हिच्यासारखी नाही हं, असं सांगणारं ते हसू होतं. ते हसू आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

घर बांधायचं ठरलं तेव्हा मी वीस वर्षांची होते, बी.ए.ला. साठचं दशक संपत आलं होतं. बाबा कलकत्त्यातच जन्मलेले, एका कॉलेजात गणित शिकवायचे. जन्म भाड्याच्या घरात गेला, निदान मरण स्वतःच्या घरात यावं, असं ते हसत म्हणायचे आणि आई त्यांच्यावर चिडायची. शेवटी त्यांनी शहराच्या टोकाला, बेहालात, एक लहानशी जागा घेतली. तिथे आधी पुकुर होतं, म्हणजे तळं. ते माती टाकून बुजवलं होतं आणि बुजवून जेमतेम वर्ष झालं होतं. शेजाऱ्यांची बदकं अजून रोज सकाळी तिथे यायची, तळं शोधत इकडून तिकडे फिरायची आणि हताश होऊन आमच्या विटांवर बसून राहायची. जागेचे मूळ मालक आले बघा, असं बाबा म्हणायचे.

बाबा दिवसभर कॉलेजात आणि दादा नव्या नोकरीत, त्यामुळे बांधकामावर देखरेख करायला आई आणि मी. म्हणजे आई देखरेख करायची आणि मी ती बंगालीत करून द्यायची. दुपारी भवानीपूरच्या भाड्याच्या घरून बस पकडायची, आईच्या हातात छत्री, माझ्या हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या. बाई, त्या तांब्याचीसुद्धा मला लाज वाटायची.

लाकूडकाम ज्यांच्याकडे होतं ते मिस्त्री पन्नाशीचे होते. पूर्व बंगालातून आलेले. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या नावा बांधायचं काम, इकडे आल्यावर नावा कोण बांधून घेणार, म्हणून ते दारं-खिडक्यांकडे वळले. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. आईला ते ‘मा’ म्हणायचे आणि मला ‘दिदिमोनी’. मी त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि आईशी बोलताना ‘तो’ म्हणायची. आमच्यात तशीच रीत होती.

आता चौकटीचं सांगते. आईला घरात बाकी काही कसंही चाललं असतं. खोल्या किती, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, यातलं तिनं सगळं बाबांवर सोडलं. पण पुढच्या दाराची चौकट सागवानी हवी आणि तिला चारही बाजू हव्यात, खाली लाकडी उंबरा हवाच, यावर ती अडून बसली. भवानीपूरच्या घराला उंबराच नव्हता. दार उघडलं की सरळ जिना. सव्वीस वर्षं आई त्या जागी रांगोळीची एक रेघ ओढायची आणि तिलाच हळदकुंकू वाहायची. जिन्यातून ये-जा करणाऱ्यांच्या चपलांनी ती दुपारपर्यंत पुसून जायची. दादाचं लग्न त्या माघात करायचं ठरत होतं. माझी सून माप ओलांडून येईल ती खऱ्या उंबऱ्यावरून येईल, रेघेवरून नाही, असं आई म्हणायची. हे म्हणताना तिचा आवाज भरून यायचा आणि मी खिडकीबाहेर बघायची.

बेहालात तेव्हा नवी घरं तीन बाजूंच्या चौकटीची होत होती. दोन उभी लाकडं, वर एक आडवं, खाली नुसता सिमेंटचा काठ. मिस्त्रींनी तसंच सुचवलं होतं. पण आईनं नाही म्हटलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. आमच्याही जुन्या घराला चौकाठ होता, असं म्हणाले आणि आम्हाला निमतल्याच्या लाकूडबाजारात घेऊन गेले.

तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी माझी गरजच पडली नाही. आई चांद्याकडची. तिचे वडील जंगल खात्यात कारकून होते आणि ती सागाच्या डेपोशेजारी वाढली होती. निमतल्याला व्यापाऱ्यानं तीन ओंडके दाखवले. आईनं वाकून एकेकाला नाक लावलं, कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवला आणि तिसऱ्यावर थाप मारली. मिस्त्री हसले. त्यांनीही मनात तोच धरला होता. मग दोघं त्या ओंडक्याभोवती फिरले. ती रेषा दाखवायची, ते मान हलवायचे, ते कडेचा पांढरट भाग दाखवून बोटांची कात्री करायचे, ती मान हलवायची. आई मराठीत बोलत होती आणि मिस्त्री बंगालीत, आणि दोघांचं बरोबर चाललं होतं. परत येताना मिस्त्री मला म्हणाले, “मा काठ चेनेन.” मांना लाकूड कळतं. हे मात्र मी आईला सांगितलं. ती बसमध्ये घरापर्यंत मंद हसत होती.

चौकट तयार झाली. मोठी देखणी झाली होती. वरच्या गणेशपट्टीवर मिस्त्रींनी वेलबुट्टी कोरली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. वैशाखातला मुहूर्त धरला. आईनं हळदीत भिजवलेलं फडकं, सुपारी, नारळ, आंब्याचा टहाळा, सगळी तयारी केली.

मुहूर्ताच्या आदल्या दुपारी आम्ही बेहालाला गेलो. ऊन रणरणत होतं. मला तिथून पुढे बागबाजारला मैत्रिणीकडे जायचं होतं. चार-पाच जणी जमणार होत्या, गाणं-बजावणं होतं, आणि बेहालापासून बागबाजार म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. मी सारखी घड्याळ बघत होते. आई चौकटीला हात लावून उभी होती. तेवढ्यात मिस्त्रींनी मला बाजूला बोलावलं.

ते जोत्याच्या कडेला बसले, बोटांनी माती उकरली आणि मूठभर माती घेऊन माझ्यासमोर दाबली. वैशाखात, इतक्या उन्हात, त्या मातीचा लाडू वळला. ते म्हणाले की पुकुर वरून बुजलंय, खालून नाही. एक पावसाळा जाऊ द्या. उभी लाकडं उद्या बसवू, पूजा उद्याच होऊ दे, पण उंबऱ्याचं लाकूड मागाहून बसवू आणि त्याच्याखाली काळा दगड घालू, म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. मग त्यांनी नावांचं सांगितलं. कायम पाण्यात असलेलं लाकूड टिकतं, कायम कोरडं असलेलंही टिकतं, पण रोज भिजून रोज सुकणारं लाकूड मरतं, मग तो साग असला तरी. खालून कुजलं की वाळवीला फार वेळ लागत नाही. मा उंबरा रोज धुणार असतील तर दगडाशिवाय बसवू नका. हे सगळं त्यांनी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, “माके बोलबेन, दिदिमोनी.” मांना सांगा.

मी हो म्हटलं.

मी हे आईला सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचं चित्र त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आई म्हणणार, उंबऱ्याशिवाय चौकट उभी करायची म्हणजे काय. मग मी मिस्त्रींना विचारायचं, मग ते सांगणार, मग मी आईला सांगायचं, मग मुहूर्त बदलायचा का, बाबांना विचारायचं का, आणि या सगळ्यात संध्याकाळचे सहा वाजणार. मी घड्याळ बघितलं. आईनं लांबूनच विचारलं, एवढं काय सांगत होता तो.

“काही नाही गं. उद्या सकाळी लवकर येतो म्हणतोय.”

बसमध्ये बसल्यावर मी ते विसरूनही गेले. बागबाजारला फार मजा आली.

दुसऱ्या दिवशी चौकट उभी राहिली, चारही बाजूंनी. उंबरा बसवण्याआधी मिस्त्रींनी मला विचारलं, मांना सांगितलंत ना. त्यांच्या हातात पटाशी होती. मी म्हटलं, सांगितलं, त्यांना असाच हवाय. आदल्या दिवशी मी आईला टाळलं होतं, आता मिस्त्रींशीही सरळ खोटं बोलले, आणि तेही एवढ्याचसाठी की काल सांगितलं नाही हे कबूल करायला नको. ते आईकडे बघून किंचित हसले, म्हणजे मांची मर्जी, असं. मग त्यांनी खालच्या बाजूला डांबराचे दोन हात जास्त दिले आणि उंबरा मातीवर बसवला. आईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं, डोळे पुसले. मीही नमस्कार केला.

माघात दादाचं लग्न झालं. वहिनीनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, तांदूळ घरभर पसरले. आई त्या दिवशी जितकी सुखी दिसली तितकी मी तिला आधी आणि नंतर पाहिली नाही. मग रोजचं सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर उंबऱ्यावर तांब्याभर पाणी, फडक्यानं पुसणं, हळदकुंकवाची बोटं, बाहेर रांगोळी. मी कॉलेजला निघताना तो ओला असायचा आणि परत येईपर्यंत सुकलेला. मिस्त्रींचं बोलणं मला दोन-तीनदा आठवलं. आता काय करायचं, असं म्हणून मी ते झटकलं. एवढा चांगला साग, काही होणार नाही. दिसायला तर काहीच झालं नव्हतं. उंबरा तेलपाणी घेतल्यासारखा चकाकत होता.

दरम्यान आईनं मिस्त्रींचं नाव सगळ्या मराठी घरांत नेलं होतं. आपल्याकडचा माणूस बंगाल्याला नावं ठेवतो पण यासारखा कारागीर पुण्यातही मिळायचा नाही, असं ती सांगायची. तीन घरची कामं त्यांना तिच्या शब्दावर मिळाली. मग आपल्या लोकांनी एक लहानसं सभागृह बांधायला घेतलं, बाबा त्या समितीत होते. दारं, खिडक्या, रंगमंचाची लाकडी चौकट, सगळं मिस्त्रींना द्यायचं ठरलं. एवढं मोठं काम त्यांना या शहरात पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी आपल्या भावाला बराकपूरहून बोलावून घेतलं आणि आमच्या घरी येऊन आईच्या पायांशी संदेश मिठाईचा पुडा ठेवला. मी तेव्हा एका शाळेत शिकवायला लागले होते. पुडा मीच उघडला.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर आईनं हळदीकुंकू केलं. उंबरा बसवून तीन पावसाळे उलटून गेले होते. पंचवीस-तीस बायका आल्या. एक जाडजूड मावशी आत येताना उंबऱ्यावर पाय देऊन उभी राहिली. आई एरवी कोणाला उंबऱ्यावर पाय देऊ द्यायची नाही, पण पाहुणीला काय बोलणार. पापडासारखा आवाज झाला आणि मावशींचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. वरचा चकचकीत पापुद्रा तेवढा शाबूत होता. आत चिखल आणि वाळवी. पांढऱ्या अळ्यांसारखी वाळवी मावशींच्या पैंजणावर चढली आणि बायकांनी एकच कालवा केला.

आईनं मावशींचा पाय धुतला, सगळ्यांना वाण दिलं, हसून निरोप दिला. शेवटची बाई गेल्यावर ती उंबऱ्याशी बसली आणि रडली. मग रडणं थांबवून म्हणाली, सागाला कधी अशी वाळवी लागत नाही. त्यानं लाकूड बदललं. मला निमतल्याला एक दाखवलं आणि बसवलं भलतंच. मी त्याला माझ्या भावासारखं मानलं आणि त्यानं मला फसवलं.

मी तिथेच उभी होते. तेव्हा बोलले असते तर एक उंबरा गेला असता, दुसरं काही गेलं नसतं. पण आईनं सगळ्या मराठी घरांत मलाही मिरवलं होतं. माझी लेक होती म्हणून हे घर उभं राहिलं, असं ती म्हणायची. ते ऐकायची मला सवय झाली होती. मी म्हटलं, आई, तू शांत हो.

हळदीकुंकवाची बातमी बायकांनी घरोघर नेली. आठ दिवसांत ती समितीत पोचली. जो माणूस एका घराला खोटं लाकूड देतो त्याच्या हाती सभागृह कसं द्यायचं, असं कोणीतरी म्हटलं आणि बाबा गप्प बसले, कारण उंबरा त्यांच्याच घरचा होता. काम दुसऱ्याला दिलं. बाबा घरी आल्यावर म्हणाले, मला हे बरं वाटत नाही, त्याला एकदा विचारायला हवं होतं. माझ्या ताटात भात होता. मी तो जेवले.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्री स्वतः आले. बाबा बाजारात गेले होते, दादा वहिनीला घेऊन तिच्या माहेरी गेला होता. घरात आई आणि मीच. उंबऱ्यावर आम्ही एक फळी टाकली होती, तिच्या पलीकडे ते उभे राहिले. आई म्हणाली, विचार त्याला, कुठल्या तोंडानं आला. मी विचारलं, काका, का आलात. ते म्हणाले, लोक म्हणतात मी मांना खराब लाकूड दिलं. मांनी स्वतः बघावं.

त्यांनी फळी उचलली आणि खाली बसले. चष्मा सारखा केला, हातानं माती बाजूला केली, कुजलेला भाग खरवडून टाकला. उंबऱ्याच्या एका टोकाला, भिंतीत गेलेल्या भागात, मूठभर लाकूड अजून टणक होतं. पिशवीतून करवत काढून त्यांनी तेवढा तुकडा कापला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला. आईनं तो घेतला. नाकाशी नेला. अंगठा फिरवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचा राग मावळताना मला स्वच्छ दिसला.

ती म्हणाली, साग आहे. तोच आहे. सांग त्याला, लाकडाबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं, आणि मी ते सगळ्यांना सांगेन. आईला चूक कबूल करायला कधी जड गेलं नाही, हा गुण माझ्यात कसा आला नाही कोण जाणे. मी घाईघाईनं ते बंगालीत सांगितलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाटलं, संपलं, यातून सगळे सुटलो. मिस्त्रींचे डोळे भरून आले होते.

पण आई तुकडा हातात फिरवत होती. तिचं मन पुढे चाललं होतं.

“मग विचार त्याला,” ती म्हणाली. “इतका जाणता माणूस हा. जमीन ओली आहे, हे याला दिसलं नव्हतं का? मला आधी का नाही सांगितलं? मी दगड बसवला असता. मुहूर्त पुढे ढकलला असता. मी काय ऐकलं नसतं?”

ती वाद घालेल, हे चित्र मी तीन वर्षं मनात धरलं होतं. त्या एकाच चित्राच्या आधारावर मी स्वतःला माफ करत आले होते. ती ऐकणार होती. लाकडाचं कोणी काही सांगितलं असतं तर तिनं सगळ्यांत आधी ऐकलं असतं, आणि हे मला निमतल्यापासून माहीत होतं.

मी त्यांना विचारलं. मांनी विचारलंय, जमीन ओली होती तर आधी का नाही सांगितलं. एवढं बंगालीत बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, करवतीकडे बघत होते. त्यांनी ती उचलून पिशवीत ठेवली, म्हणून शेवटी वर बघावं लागलं. ते माझ्याकडे बघत होते. मा सगळं जाणून आहेत, जाणूनबुजून त्यांनी उंबरा तसाच बसवून घेतला, असं ते इतकी वर्षं समजून होते. आता त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते बघून त्यांना माझी दया आली. त्यांना माझ्या वयाची मुलगी होती की काय, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नव्हतं. चार वर्षांत त्यांच्या घरचं मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

मग ते आईकडे वळले आणि खाली बघत म्हणाले, “बोला होय नी, मा. आमार भूल.”

“काय म्हणतो?” आईनं मला विचारलं.

मला अजून वाटतं, त्या वेळी माझ्याजवळ भरपूर वेळ होता. बागबाजारला जायचं नव्हतं. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते, शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवत होते.

“सांगायचं राहून गेलं म्हणतो,” मी म्हटलं. “चूक त्याची आहे म्हणतो.”

आईनं सुस्कारा टाकला. तिनं तो तुकडा परत केला नाही, हातातच ठेवला. मग मला म्हणाली, त्याला सांग, लाकडात खोट नव्हती हे मी घरोघर जाऊन सांगेन. पण सभागृहाचं काम आता दुसऱ्याकडे गेलंय, ते मी परत मागणार नाही. ज्याला वेळेवर बोलायची बुद्धी होत नाही, त्याच्या भरवशावर इतक्या लोकांची दारं कशी सोडायची. मिस्त्री माझ्याकडे बघत उभे होते, मांचं बोलणं संपायची वाट बघत.

मी ते सगळं त्यांना बंगालीत सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.